नजरेचा रोजा

असरची नमाज आटोपली की गावातल्या बाजाराचा रंग बदलतो. दुपारभर ओस पडलेल्या रस्त्यावर साडेपाचच्या सुमारास हातगाड्या लागू लागतात. कलिंगडे चिरून त्यांची लाल बाजू रस्त्याकडे करून मांडलेली असते. शेजारी पपई आणि खरबूज, द्राक्षांच्या हंगामाची शेवटची हिरवी-पिवळी घोसटी, पलीकडे खजुराचे उघडे खोके. कोपऱ्यावर कढई चढते आणि कांदाभज्यांचा वास दोन गल्ल्या ओलांडून जातो. गाड्या लावणाऱ्यांत सगळ्याच जातीधर्मांची माणसे असतात. खजूरवाला बागवान असतो, कलिंगडवाला शेजारच्या खेड्यातला शेतकरी, कढईपाशी एखादी मावशी. त्यांच्या वर्षाच्या हिशेबात रमजानचा महिना दिवाळीइतकाच महत्त्वाचा.

आणि गिऱ्हाईक कोण? तर ज्याने पहाटेपासून पाण्याचा थेंबही घेतलेला नाही, असा माणूस. भरल्या पोटी बाजारातून जाणाऱ्याला जे कधी दिसत नाही, ते सगळे या माणसाला दिसते. कलिंगडाच्या फोडीवर साचलेले पाणी दिसते, भज्याची कुरकुरीत कड दिसते. एरवी आपण ज्या गोष्टींजवळून रोज जातो, त्या भुकेच्या वेळी एकेक करून उजळ होतात. रोजेदाराला विचारले तर तो हसून सांगेल की दिवसातली सगळ्यात कठीण वेळ हीच. पोटाची नव्हे, डोळ्यांची.

इमाम गजाली (मृत्यू 1111) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात रोज्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली पायरी पोटाची, ती सर्वांना ठाऊक असते. दुसऱ्या पायरीवर डोळे, कान, जीभ, हात, पाय यांचाही रोजा येतो. तिसरी मनाची, ती फार थोड्यांना साधते. मशिदीतल्या प्रवचनांतून दुसऱ्या पायरीबद्दल पुष्कळ ऐकायला मिळते, पण बहुधा नकाराच्या भाषेत. डोळ्यांनी हे पाहू नका, ते पाहू नका. चांगलीच गोष्ट आहे. मात्र डोळे काही मिटून ठेवता येत नाहीत. बाजारातून घरी जायचे तर पाहावेच लागते. मग पाहताना डोळ्यांनी करायचे काय, याबद्दल कोणी फारसे बोलत नाही.

या प्रश्नाला एक जुने उत्तर आहे, आणि ते एका आजारपणाच्या गोष्टीत दडलेले आहे.

इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या हदीससंग्रहात ती गोष्ट येते. सहल बिन हुनैफ आणि आमिर बिन रबीआ हे प्रेषित मुहम्मद (स.) यांचे दोन साथी. दोघेही बद्रच्या लढाईत खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले. एकदा खर्रार नावाच्या ठिकाणी सहल अंगावरचा झगा उतरवून आंघोळ करत होते. ते गोरेपान, नितळ कांतीचे. आमिर यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि अशी कांती आपण कधी पाहिली नाही, पडद्यातल्या तरुणीचीसुद्धा नाही, अशा अर्थाचे काहीतरी ते बोलून गेले. सहल तिथेच आजारी पडले, त्यांना उठवेना. प्रेषितांना कळवण्यात आले. त्यांनी चौकशी केली, कोणी काय पाहिले आणि कोण काय बोलले हे विचारले. मग आमिर यांना बोलावून त्यांनी जे सुनावले, त्यात राग स्पष्ट होता. माणूस आपल्याच भावाच्या जिवावर का उठतो, असा त्याचा आशय. आणि पुढे एक साधा प्रश्न. तुला त्याचे काही आवडले, तर तू त्याच्यासाठी बरकत का मागितली नाहीस?

त्यानंतरचा उपाय विलक्षण आहे. आजारी माणसाला काही प्यायला दिले नाही, त्याच्या गळ्यात काही बांधले नाही. ज्याने पाहिले होते, त्याला हातपाय धुवायला सांगितले. आमिर यांनी आपला चेहरा, हात, कोपरे, गुडघे, पाय धुतले. ते पाणी सहल यांच्यावर ओतण्यात आले आणि सहल उठून सर्वांबरोबर चालू लागले.

दृष्ट खरोखर लागते की नाही, हा वाद ज्याला घालायचा त्याने जरूर घालावा. महाराष्ट्रात तो घालण्याची चांगली परंपरा आहे आणि दृष्टीच्या नावाखाली गंडे-ताईत विकून गरिबांना लुबाडणारे दोन्हीकडे आहेत, हेही खरे. पण त्या वादात न शिरताही या गोष्टीतून दोन बाबी हाती लागतात. एक म्हणजे आमिर हे वैरी नव्हते. मित्र होते, आणि बोलले ते कौतुकच होते. दुसरी बाब म्हणजे जबाबदारी कोणाच्या अंगावर आली ते. आंघोळ करणाऱ्या सहलना कोणी म्हटले नाही की, बाबा रे, अंग झाकून घ्यायचे होतेस. धुवायला लागले पाहणाऱ्याला.

आपण ही व्यवस्था हळूहळू उलटी करून टाकली आहे. घराच्या दारावर लिंबू-मिरची, नव्या बांधकामाला काळी बाहुली, बाळाच्या गालावर तीट. ट्रकच्या मागे वाईट नजरेच्या माणसाला चार शेलके शब्द. मुस्लिम वस्तीत शिरलात तर चारचाकीच्या काचेवर आणि बंगल्याच्या कपाळावर सोनेरी अक्षरांत ‘माशाअल्लाह’. हे सगळे बंदोबस्त ज्याच्याजवळ काही आहे त्याने करायचे, आणि ज्याच्याजवळ डोळे आहेत तो मोकळा. बंगल्यावरची पाटी खरे तर पाहणाऱ्याला उद्देशून आहे, तूच हे म्हण अशी ती आठवण आहे. पण घरमालकालाच ती स्वतः लावावी लागते, याचा अर्थ रस्त्यावरून जाणाऱ्यावर कोणाचा भरवसा उरलेला नाही.

जुन्या बायकांना हा हिशेब बरोबर कळत असे. कोणाचे गुटगुटीत मूल मांडीवर घेतले की आधी दोन्ही हात त्याच्या चेहऱ्यावरून ओवाळायचे, मग आपल्याच कानशिलांवर कडाकडा बोटे मोडायची. उर्दूत याला ‘बलाएँ लेना’ म्हणतात, मराठीत ‘अलाबला घेणे’. शब्द एकाच घरचे आहेत. पाटलीणबाई असो की नानीजान, कृती तीच आणि अर्थही तोच, की या मुलावर येणारे संकट असेल तर ते माझ्यावर येवो. कौतुक केले की त्याची किंमत कौतुक करणाऱ्याने मोजायची, असा हा रिवाज.

स्वतःच्या मालमत्तेकडे पाहण्याची गोष्ट वेगळी. त्याची कथा कुरआनच्या ‘कहफ’ या अध्यायात येते, जो पुष्कळ मुस्लिम घरांत दर शुक्रवारी वाचला जातो. एका माणसाच्या दोन द्राक्षबागा होत्या, भोवती खजुरीची झाडे आणि मधून वाहता कालवा. बागेत शिरताना त्याला वाटले की हे आता कधी संपायचे नाही. सोबत्याने त्याला टोकले, बागेत पाऊल टाकताना माशाअल्लाह का म्हटले नाहीस? म्हणजे हे सारे अल्लाहच्या मर्जीने आहे, याची आठवण. पुढे ती बाग मांडवासकट जमीनदोस्त झाली आणि तो हात चोळत बसला. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदाराला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. एका रात्रीची गारपीट त्याने पाहिलेली असते.

आपल्या वस्तूकडे पाहताना माशाअल्लाह आणि दुसऱ्याच्या वस्तूकडे पाहताना बरकतची दुवा, असा फरक काही उलेमा करतात. रोजच्या बोलण्यात तो पाळला जात नाही, सगळीकडे माशाअल्लाहच चालते. पण बरकत हा शब्द थोडा उकलून पाहण्यासारखा आहे, कारण तो आता मराठीचाही आहे. अरबीत त्याचे मूळ उंटाच्या बसण्याशी जोडलेले आहे. उंट गुडघे टेकून पक्का बसला की त्यासाठी जे क्रियापद वापरतात, त्याच मुळापासून बरकत. पाणी साठून राहते त्या तळ्याला ‘बिरका’ म्हणतात, तेही त्याच घराण्यातले. म्हणजे बरकत ही नुसती वाढ नाही. आलेले चांगले निघून न जाता तिथेच बसून राहावे, मुरावे, ही तिच्यातली मुख्य गोष्ट.

आता हा अर्थ मनात ठेवून दुसऱ्याच्या वस्तूकडे पाहायला गेले की अडचण कळते. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली. तिच्याकडे पाहून बरकत मागायची, म्हणजे ती गाडी त्याच्याजवळच राहो, त्याला लाभो, असे मनापासून म्हणायचे. चुलतभावाच्या मुलाला वैद्यकीयला प्रवेश मिळाला आणि आपल्या मुलाचा थोडक्या गुणांनी हुकला. कार्यालयात आपल्यामागून आलेल्याला बढती मिळाली. अशा वेळी ‘अभिनंदन’ तोंडातून सहज निघते. दुवा निघत नाही. घशात काहीतरी अडते. नेमके तेवढेच अडलेले मोकळे करण्यासाठी ही सवय आहे, आणि ती मोठ्या प्रसंगी एकाएकी जमत नाही म्हणून लहानसहान गोष्टींवर हात बसवायचा असतो. कलिंगडाच्या फोडीवर, दुसऱ्याच्या अंगणातल्या मोगऱ्यावर, शाळेतून सुटलेल्या पोरांच्या घोळक्यावर.

हे मनातल्या मनात का करायचे, उघड का नाही? उघड केल्याचे काय होते, ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसतेच. कोणी मुलाचे छायाचित्र टाकले की खाली पन्नास जणांचे माशाअल्लाह, तेवढीच फुले आणि तेवढेच जोडलेले हात. लिहिणाऱ्याचा अंगठा एका छायाचित्रावरून दुसऱ्यावर सरकलेलाही असतो. त्यात वाईट काही नाही. पण ती देवघेव आहे, आज मी तुझ्या मुलाला, उद्या तू माझ्या घराला. ज्याला दुवा दिली त्याला कळलेच नाही, तर परतफेडीचा प्रश्नच संपतो.

सहीह मुस्लिममध्ये याबद्दल एक घरगुती प्रसंग आहे. अबू दरदा हे प्रेषितांचे साथी शाममध्ये, म्हणजे आजच्या सीरियाच्या बाजूला, राहत. त्यांचे जावई सफवान एकदा त्यांच्या घरी गेले. सासरे घरी नव्हते, उम्मे दरदा होत्या. त्यांनी विचारले, यंदा हजला जाणार का? जावई हो म्हणाले. तर मग आमच्यासाठी दुवा करा, असे सांगून उम्मे दरदांनी त्यांना प्रेषितांचे एक वचन ऐकवले. माणूस आपल्या भावासाठी त्याच्या पाठीमागे दुवा करतो ती कबूल होते, एक फरिश्ता त्याच्या उशाशी नेमलेला असतो, तो आमीन म्हणतो आणि तुलाही तेच मिळो असे म्हणतो. सफवान तिथून निघाले, बाजारात त्यांना अबू दरदा भेटले आणि त्यांनीही तेच वचन सांगितले. नवरा-बायकोने एकमेकांना न विचारता जावयाला एकच गोष्ट सांगावी, यातच त्या घरात काय बोलले जात असेल ते कळते.

पाठीमागे. हा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे पाठीमागे बहुधा निंदाच होते.

सूफींच्या नक्शबंदी सिलसिल्याने हे मौन फार जपले. इतर अनेक सिलसिल्यांत जिक्र मोठ्याने होतो, यांच्यात प्रामुख्याने मनातल्या मनात. त्यांच्या आठ जुन्या नियमांपैकी दोन तर आजच्या बाजारासाठीच केलेले वाटतात. ‘नजर बर कदम’, म्हणजे नजर आपल्या पावलावर, भटकू न देता. आणि ‘खल्वत दर अंजुमन’, म्हणजे चारचौघांच्या गर्दीत राहूनही आतला एकांत. या परंपरेचे एक ठिकाण महाराष्ट्रातच आहे. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहायला जाणारे पर्यटक पाण्यावर फिरणारे जाते पाहतात आणि कारंज्याजवळ छायाचित्रे काढून परततात. ती जागा बाबा शाह मुसाफिर या मध्य आशियातून आलेल्या नक्शबंदी संतांच्या तकियाची. दुरून जमिनीखालच्या नळांनी पाणी आणले, त्यावर जाते फिरवले, आणि दळलेले पीठ येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पोटात गेले. मनातल्या मनात जप करणाऱ्या लोकांनी मागे ठेवलेली खूण ही, एक पिठाची गिरणी.

खल्वत दर अंजुमनचा नियम लिहिला जाण्याच्या कितीतरी आधी एक माणूस तो मदिनेच्या बाजारात जगत होता. अब्दुल्लाह बिन उमर, दुसऱ्या खलिफांचे पुत्र. ते रोज सकाळी बाजारात जात. तुफैल नावाचा एक तरुण त्यांच्याबरोबर असे. भंगारवाला असो, मोठा व्यापारी असो की एखादा गरीब, जो भेटेल त्याला ते सलाम करत पुढे निघत. काही दिवसांनी तुफैल कंटाळला. तुम्ही काही विकत घेत नाही, भाव विचारत नाही, कुठे टेकतही नाही, मग बाजारात जायचे कशाला? त्यापेक्षा इथेच बसून बोलू या की! तुफैलचे पोट जरा सुटलेले होते. इब्ने उमर यांनी त्याला ‘अरे पोटोबा’ अशा अर्थाची हाक मारली आणि सांगितले की आपण फक्त सलामासाठी जातो. हाही प्रसंग ‘मुवत्ता’तच आहे, आणि चेष्टेची ती हाकही तिथे जपून ठेवलेली आहे.

अस्सलामु अलैकुम म्हणजे तुमच्यावर शांती असो. ही दुवाच आहे, फक्त वापरून वापरून ती ‘नमस्कार’सारखी गुळगुळीत झाली. काही न विकत घेता, काही न विकता बाजारातून चालत जायचे आणि प्रत्येकाला शांती वाटत सुटायचे, हा काही फुकटचा उद्योग नव्हता. खलिफाचा मुलगा होता तो. लोकांनी त्याला सलाम करायचा, अशी जगाची रीत.

माणसांना सलाम समजू शकतो. वस्तूंना, जागांना दुवा द्यायची म्हणजे काय? कुरआनात म्हटले आहे की सृष्टीतली प्रत्येक गोष्ट आपल्या परीने ईश्वराचे गुणगान करत असते, माणसाला ते समजत नाही इतकेच. उहुद या मदिनेजवळच्या डोंगराबद्दल प्रेषित म्हणत की हा डोंगर आमच्यावर प्रेम करतो आणि आम्ही त्याच्यावर. याच डोंगराच्या पायथ्याशी हिजरी सन 3 मध्ये त्यांचे सत्तर साथी मारले गेले होते, चुलते हम्जासुद्धा. त्या जागेबद्दल मनात कडवटपणा राहिला असता तर कोणी नवल केले नसते.

पण या विषयातला सगळ्यात सुंदर प्रसंग पहिल्या फळाचा आहे. हंगामातले पहिले फळ हाती आले की मदिनेचे लोक ते प्रेषितांकडे आणत. ते फळ हातात घेऊन ते दुवा करत. आधी फळांसाठी बरकत मागत, मग शहरासाठी, आणि मग चक्क मापांसाठी, ‘साअ’ आणि ‘मुद्द’ या धान्य मोजायच्या भांड्यांसाठी. दुवा झाली की तिथे हजर असलेल्या मुलांतले सगळ्यात धाकटे कोण ते पाहत आणि फळ त्याच्या हातात देत.

फळ, शहर, माप. हा क्रम पाहण्यासारखा आहे. फळाचे कौतुक कोणीही करेल. बाजारातल्या मापट्याला दुवा देण्यासाठी वेगळी नजर लागते. मुद्द म्हणजे साधारण दोन हातांची भरली ओंजळ. आपल्याकडे जशी चार शेरांची एक पायली, तसा चार मुद्दांचा एक साअ. सगळा व्यवहार या मापावर चालतो. माप खोटे असेल तर शहर कितीही सुंदर असून उपयोग काय?

आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही हे ठाऊक होते. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणत, मग दोन, तीन असे पुढे. हिंदी-उर्दू बोलणाऱ्या मुलखात त्याच जागी ‘बरकत’ म्हणण्याची रीत होती. खळ्यावर कोणी मोठ्याने मंत्र म्हणत नव्हते की आयत वाचत नव्हते. मोजणीच्या ओघात एक शब्द बदलला, बस्स. सकाळची पहिली विक्री झाली की आजही दुकानदार ती नोट कपाळाला लावतो आणि ‘भवानी’ झाली म्हणतो. मंडईतला बागवानही भवानीच म्हणतो, कारण बाजाराची भाषा ती आहे.

साअ हे माप जगाच्या व्यवहारातून गेले, पण रमजानमध्ये ते अजून जिवंत आहे. ईदच्या नमाजेआधी ऐपत असलेल्या प्रत्येकाने घरातल्या माणशी एक ठरावीक माप धान्य किंवा त्याची किंमत गरिबाला द्यायची असते. हा फित्रा. खजूर किंवा जव असेल तर एक साअ, आणि हनफी रीतीप्रमाणे गहू असेल तर अर्धा. आजच्या वजनात अर्धा साअ म्हणजे पावणेदोन ते दोन किलोच्या आसपास, मसलकीप्रमाणे थोडा फरक पडतो. रमजानच्या शेवटच्या दिवसांत मशिदीच्या फळ्यावर यंदाच्या फित्र्याची रक्कम खडूने लिहिली जाते, आणि चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या दुवेतल्या मापट्याचा हिशेब गावच्या गव्हाच्या भावाने होतो. घरात नुकतेच जन्मलेले बाळ असले तरी त्याच्या नावाचा फित्रा वडिलांनी काढायचा. तेही माणूसच.

आता एक नाजूक गोष्ट. तरावीहनंतर कट्ट्यावर रेंगाळणारी तरुण मुले कधीकधी विचारतात की ही दुवा फक्त आपल्या लोकांसाठी की सगळ्यांसाठी? प्रश्न प्रामाणिक असतो. गेल्या काही वर्षांत बाजारात फळाकडे पाहण्याआधी गाडीवरचे नाव वाचण्याची सवय वाढली आहे. काहींना तसे करायला शिकवले गेले, काही घाबरून करतात, काही चिडून. कलिंगड लाल निघेल की पांढरे, हे बागवानाच्या किंवा पाटलाच्या आडनावावर ठरत नाही, एवढे साधे ज्ञानही त्या नजरेला उरत नाही.

मुलांच्या प्रश्नाचे उत्तर बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. मक्केच्या कुरैश लोकांनी प्रेषितांचा छळ केला होता, आणि त्यावर त्यांनीच एकदा या लोकांवर दुष्काळ यावा अशी प्रार्थना केली होती. दुष्काळ पडला. लोक हाडे आणि मेलेली जनावरे खाऊ लागले, भुकेने डोळ्यांपुढे धूर दिसू लागला. तेव्हा अबू सुफियान, त्यांच्या विरोधकांचा म्होरक्या, स्वतः आला आणि म्हणाला की तुम्ही नाती जपायला सांगता, तुमचीच माणसे मरत आहेत, त्यांच्यासाठी दुवा करा. प्रेषितांनी दुवा केली, पाऊस आला. पुढचा भाग सांगताना लोक बहुधा गाळतात. पाऊस पडल्यावर मक्केचे लोक पुन्हा आपल्या जुन्याच वाटेला लागले. म्हणून झालेली दुवा काही परत घेतली गेली नाही.

प्रेषितांचे चुलतभाऊ अब्दुल्लाह बिन अब्बास तर म्हणत की फिरऔनने जरी मला बरकतची दुवा दिली असती, तरी मी त्याला तीच उलट दिली असती. फिरऔन म्हणजे कुरआनातला सगळ्यात मोठा जुलमी राजा, स्वतःला देव म्हणवणारा. त्याच्या तुलनेत शेजारच्या गल्लीतला माणूस फारच साधा म्हणायला हवा. शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याचे आरोग्य, त्याचा रोजगार, त्याच्या लेकरांची सुखरूपता मागायला हरकत नाही, असेच बहुतेक उलेमा सांगतात. मराठी वाचकाला तर हे नवे वाटायचे कारण नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी पसायदानात दुष्टांसाठीसुद्धा मागणे आहे.

‘दुवा’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक अरबीतून आलेला, आशीर्वादाचा. दुसरा दोन गोष्टी जोडणाऱ्या कडीचा. दोन्हींची कुळे वेगळी, लिहिण्यात मात्र काही फरक नाही.

सूर्य कलला की बाजाराची घाई वाढते. कलिंगडवाला उरलेल्या फोडींचा भाव उतरवतो. मावशी शेवटचा घाणा काढून गॅस बारीक करते. कोणी नातवाचे बोट धरून घराकडे पळत असते, कोणाच्या पिशवीतून पुदिना डोकावत असतो. रिक्षावाले भाडे सोडून मशिदीच्या नळाकडे वळतात. मग भोंगा होतो, इफ्तारची वेळ झाली. खजूरवाला स्वतः रोजेदार. घरी जायला वेळ नसतो, म्हणून तो खोक्यातलाच एक खजूर उचलतो, पाण्याची बाटली काखेत मारतो आणि गल्ला तसाच सोडून मशिदीच्या दिशेने निघतो. जाता जाता शेजारच्या गाडीकडे वळून सांगतो, “अण्णा, जरा नजर असू द्या.”

कलिंगडवाला मान हलवतो. हातातली सुरी पुसून ठेवतो आणि दोन्ही गाड्यांच्या मधोमध येऊन उभा राहतो.